माप

पस्तीस वर्षं बर्डीवर, जोड्यांच्या दुकानात,
मी लोकांच्या पायांशी बसलो,
बुटक्या तिरप्या स्टुलावर, हातात पितळी चमचा.
चेहरे विसरतो मी. पाय नाही.
धरमपेठेतली एक मास्तरीण, दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं,
जणू त्याला खिडकीची जागा मिळाली.
इतवारीतला एक दलाल, टाचेला अशा भेगा
की मोजा अडकायचा.

आज मेडिकलच्या हाडांच्या ओपीडीत
तसल्याच स्टुलावर डॉक्टर तिडके बसली आहे,
वय असेल बत्तीस,
आणि तिच्या मांडीवर गिरजाचा उजवा पाय.
कूलरमधलं पाणी संपत आलंय, तो नुसता खडखडतो.

अंगठा आत वळलेला. बाजूला हाड बाहेर,
लाल, चकचकीत,
संत्र्याएवढं म्हणणार होतो, नागपूरचा माणूस;
नाही, बोराएवढं.

डॉक्टर फिल्म उजेडावर धरते.
नुसता उंचवटा तासता येतो, म्हणते, सोपं आहे,
पण वळण तसंच राहतं, गाठ परत येते.
नाहीतर मागचं हाड कापायचं, सरकवायचं, दोन स्क्रू.
भूल पायापुरतीच.
सहा आठवडे टाचेवर चालायचं,
त्यासाठी जोडा मिळतो, पुढचा भाग अधांतरी.
(असला जोडा मी जन्मात विकला नाही.)
दुसऱ्या बोटाची आकडी झालीय, त्यात तार,
महिन्याभरानं ओढून काढू.
सांधाच झिजला असता तर तो जखडून टाकला असता:
दुखणं जातं, अंगठा मग वाकत नाही.
"आणि काहीच न करणं, हाही इलाजच आहे, काकू.
रुंद जोडा घाला. दुखतं म्हणून कापायचं,
वाकडं दिसतं म्हणून नाही."

गिरजा विचारते, "उकिडवं बसता येईन ना मले?"

मी भिंतीकडे बघतो.
लग्नानंतरचा पहिला पगार. काळी सॅन्डल, टोकदार,
नंबर पाच. शेवटची जोडी, निम्म्या भावात.
तिचा पाय आत जाईना, तर मी
गिऱ्हाइकाला सांगायचं तेच वाक्य सांगितलं:
"दोन दिवस चावन, मंग सैल होईन."
पुढेही तेच. न खपलेले पाच नंबर
घरी येत राहिले, आणि ती ते घालून
पारडीच्या बालवाडीत पायी जात राहिली.
कातडं सैल झालं नव्हतं.
हाडानं जागा बदलली होती.

"माझ्यामुळं झालं हे," मी म्हणालो.
खोली गप्प. कूलरसुद्धा.
मग गिरजाच हसली,
"काहीतरीच. माह्या मायचा अंगठा अस्साच होता.
अन् ते तर जन्मभर अनवाणी."
डॉक्टर मान हलवते: घराण्यातून येतं.
अरुंद जोड्यानं वाढलं असेल.
सुरू नाही झालं त्यानं.

वाढलं असेल.
एवढाच माझा वाटा. तो कुठं ठेवू
ते अजून कळत नाही.

"दोन स्क्रूवालंच करा," गिरजा म्हणाली,
भाजीवाल्याला सांगावं तसं,
"पण पोळा झाल्यावर. पोरगी येते तवा."

रात्री, दिवे गेले होते.
मेणबत्तीपाशी केसपेपर उलटा पसरला,
तिला म्हटलं, उभी राहा याच्यावर,
पूर्ण भार दे.
पेन्सिल टाचेमागून फिरवत आणली,
करंगळी, मग एकेक बोट,
मग ती गाठ, तिच्याशी हात जरा थांबला.
"गुदगुल्या होते ना वं," ती म्हणाली,
"किती वेळ?"

पट्टी लावली. पुन्हा लावली.
साडेसहा.

अख्ख्या बर्डीचे पाय मोजले मी.